अण्णांचा कान आणि माझी झडप

आमच्या आळीत शांतता महिन्यातून एकदाच यायची, ती अमावास्येला. बाकी सगळे दिवस सकाळी आठ वाजले की हातोड्या सुरू व्हायच्या आणि दिवेलागणीपर्यंत थांबायच्या नाहीत. कसबा पेठेत तांबट आळीत आमचं घर होतं. वर आम्ही आणि खाली कारखाना. कारखाना हा शब्द ऐकून कुणी धुराडं वगैरे डोळ्यांपुढे आणू नये. एक लांबट खोली, एक भट्टी, आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यांवर हंडे, कळशा, बंब चढवून ते ठोकत बसलेली तीन माणसं. त्यांतले एक माझे वडील, अण्णा, आणि उरलेले दोन त्यांचे चुलतभाऊ. तांब्याचं भांडं नुसतं वाकवून होत नाही, शेवटी ते ठोकून ठोकून घट्ट करावं लागतं. त्याला मठारणं म्हणतात. भांड्याच्या अंगावर ते एकसारखे चमकते ठिपके दिसतात ना, ते त्या ठोक्यांचे. मी त्या आवाजात जन्मले, त्यात पाढे पाठ केले, त्यात ताप काढले. कोथरूडची आत्या आली की अर्ध्या तासात कपाळ धरून बसायची आणि म्हणायची, "तुम्ही माणसं राहता तरी कशी इथे?" आम्ही तिच्याकडे गेलो की मला तिथल्या शांततेत झोप यायची नाही. सारखं वाटायचं, या घरात कुणीतरी आजारी आहे.

आजारी खरं तर मीच होते. लहानपणी सांधे सुजून वरचेवर ताप यायचा, आणि त्या तापाने जाता जाता माझ्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली. हे कळलं कॉलेजात गेल्यावर, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसायची वेळ आली तेव्हा. विसाव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि जुनी झडप काढून तिच्या जागी कारखान्यात तयार झालेली नवी बसवली. ऑपरेशनच्या आधी सर्जनांनी आम्हाला समोर बसवून नमुन्याची झडप दाखवली: एक धातूची कडी आणि तिच्यात उघडझाप करणारी काळी चकती. आई पदराने डोळे पुसत होती, आणि अण्णांनी ती झडप उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "धातू कुठला साहेब?" सर्जनांनी सांगितला. "जोड आहे का कुठे?" नाही, म्हणाले. "गंजायची नाही?" नाही. अण्णांनी चकतीला नखाने टिचकी मारली, झडप कानाजवळ नेली, पुन्हा टिचकी मारली. मग जरा संकोचून विचारलं, "तांब्याची मिळत नाही का?" सर्जन गंभीरपणे म्हणाले, "नाही हो, तांब्याची नाही मिळत." "असू द्या," अण्णा म्हणाले, "हेही काम बरं दिसतंय. आवाज चांगला आहे." पुण्यात कारागिराने दुसऱ्याच्या कामाला बरं म्हणणं म्हणजे काय, हे त्या सर्जनांना ठाऊक असावं, कारण ते हसले नाहीत. त्यांनी "आभारी आहे" असं म्हटलं.

तर ही झडप वाजते. आजही वाजते आहे, मी हे लिहिताना. हातातल्या घड्याळासारखी बारीक टिक टिक, धावपळ झाली की जरा जलद. आळीत दिवसभराच्या ठोकाठोकीत ती कुणाला ऐकू जायची नाही, पण बाहेर मात्र पंचाईत व्हायची. कॉलेजच्या वाचनालयात एकदा ग्रंथपाल माझ्या टेबलापाशी आले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "इथे शांतता पाळायची असते. घड्याळ पिशवीत ठेवा." मी म्हटलं, "सर, ते काढता येत नाही." "न काढता येणारं घड्याळ पुण्यात अजून विकायला आलेलं नाही," ते म्हणाले. मग मी काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाले, "मग पंख्याखाली बसत जा. तो जास्त वाजतो." दुसऱ्या दिवसापासून पंख्याखालच्या खुर्चीवर कुणी बसलं तर ते त्याला उठवायचे आणि मला बसवायचे, पण एकदाही माझ्याशी गोड बोलले नाहीत. आळीतल्या बायका "सुनीचा वॉल काय म्हणतोय?" असं नळाची चौकशी केल्यासारखं विचारायच्या. मला ते आवडायचं. कोथरूडची आत्या मात्र डोक्यावरून हात फिरवायची आणि सुस्कारा सोडायची, तो मला अजिबात आवडायचा नाही.

झडपेबरोबर एक गोळी आली, रक्त पातळ ठेवण्याची, जन्मभराची. धातूच्या झडपेवर रक्त साकळू शकतं, म्हणून. दर महिन्याला रक्ताची तपासणी करायची, रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा एका पिवळ्या कार्डावर लिहायचा, आणि त्याप्रमाणे डॉक्टर गोळी कमीजास्त करणार. हे सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पालेभाजीचा. पालेभाजीने या गोळीचा जोर कमी होतो. डॉक्टरांनी आईला नीट समजावून सांगितलं होतं की, बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच द्यायची, म्हणजे त्या हिशेबाने गोळी ठरवता येते. एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं चालणार नाही. आईने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि रिक्षा शनिवारवाड्यापर्यंत येईतो निकाल देऊन टाकला. "तेवढीच म्हणजे केवढी? मी काय पानं मोजत बसू? त्यापेक्षा बंदच."

आणि बंद म्हणजे माझी नव्हे, सगळ्या घराची. माझ्यासमोर दुसऱ्यांनी मेथी खायची आणि मी बघत बसायचं, हे तिला पटेना. पालक गेला, मेथी गेली, शेपू गेला (त्याचं मला दुःख नाही), चुका, चाकवत, अळू, सगळं हद्दपार झालं. कोथिंबीरसुद्धा. पोह्यांवर नुसतं खोबरं, आमटीवर काहीच नाही, कोशिंबीर अशी की वाढलेली कळू नये. आमची ताटं पांढरी आणि पिवळी झाली: बटाटा, भोपळा, मुळा, सोललेला दुधी, पुन्हा बटाटा. भाजीवाली सवयीने "मेथी घ्या वहिनी, कोवळी आहे" म्हणाली की आई अशी बघायची, जणू तिने पदराखालून गांजाची पुडी काढली आहे. अण्णांना मेथी फार आवडायची, लसूण घालून परतलेली, भाकरीबरोबर. दीड वर्षात ते एकदाच बोलले. ताटाकडे बघत म्हणाले, "आज पण पांढरंच?" आई म्हणाली, "हो." त्यांनी बटाट्यात भाकरी बुडवली आणि विषय संपला.

आता अमावास्येचं सांगते. अमावास्येला हातोडीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची पिढ्यांची रीत. त्या दिवशी हत्यारं धुवून पुसून ठेवायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि आळीभर कानात दडे बसल्यासारखी शांतता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या अमावास्येला सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन ओट्याशी बसले होते आणि मी त्यांच्यासमोर पाटावर बटाटे सोलत होते. एकदम त्यांनी कप खाली ठेवला. "सुने, हलू नकोस." मला वाटलं, अंगावर पाल आहे. त्यांनी मान वाकडी करून डोळे मिटले. भांडं तयार झालं की ते असंच करायचे. बोटांच्या टोकांवर भांडं तोलून धरायचं, दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करायचं आणि ऐकायचं. भांड्याला केसाएवढी चीर असली तरी डोळ्याला दिसत नाही, पण आवाज बद्द येतो. चांगलं भांडं खणखणीत वाजतं. अण्णांचा हा कान आळीत प्रसिद्ध होता. इतर तांबट आपली भांडी त्यांच्याकडे वाजवून घ्यायला आणायचे. (तोच कान "येताना दूध आणा" हे मात्र कधी ऐकायचा नाही, असं आईचं म्हणणं होतं.) मिनिटभर त्यांनी माझी झडप ऐकली, मग डोळे उघडून म्हणाले, "खणखणीत." आणि चहा प्यायले. तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. दर अमावास्येला चहाच्या आधी मी पाटावर बसायची, आई गॅस बारीक करायची, दोघे काका खालून आले असतील तर तेही गप्प उभे राहायचे, आणि अण्णा निकाल द्यायचे. "खणखणीत." मला हसू यायचं, लाजही वाटायची, आणि तो शब्द ऐकला की दिवस बरा जायचा, हेही खरं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझी मैत्री झाली रजनीशी. तिचे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये ती माणसं राहायची. क्वार्टरच्या मागे चार पावलांची जागा आणि त्यात तिच्या आईने लावलेली भाजी. परीक्षेचा अभ्यास दोघींनी मिळून करायचा असं ठरलं, आणि मी डिसेंबरपासून रोज दुपारी बसने खडकीला जायला लागले. पहिल्याच दिवशी जेवायला बसलो, तर ताटात लसणाच्या फोडणीची मेथी. हिरवी, थोडी करपलेली, वर शेंगदाण्याचं कूट. मी बघतच राहिले. रजनीची आई, मी त्यांना मावशी म्हणायची, म्हणाल्या, "काय झालं गं? आवडत न्हाई व्हय मेथी?" आवडत नाही! मी खाल्ली. तीन वेळा मागून घेतली. "खा की बाई," मावशी म्हणाल्या, "नुसती हाडं हायत अंगावर. घरी खायला घालत न्हाईत का काय?"

माझ्या वयाच्या इतर मुली घरच्यांपासून काय काय लपवत होत्या, ते मला ठाऊक होतं. कुणी प्रेमपत्रं, कुणी चोरून बघितलेले सिनेमे; एकीने तर बिअरची चव घेतली होती आणि ती महिनाभर त्याबद्दल बोलत होती. माझं व्यसन होतं पालक. शेंगदाणे आणि डाळ घातलेली पातळ भाजी, चुक्याचं आंबट वरण, हरभऱ्याचा पाला, मुठीएवढाल्या कोथिंबिरीच्या वड्या. थंडीचे दिवस, भाजी कोवळी, मावशींचा हात सढळ. रजनीला माझ्या ऑपरेशनचं माहीत होतं, पण भाजीचं मी तिला सांगितलं नव्हतं. परतताना बडीशेप खायची, दात आरशात बघायचे, मेथीचा काही अंश अडकला असेल तर काढायचा, आणि घरी येऊन बटाट्याची भाजी कंटाळून चिवडायची. आई म्हणायची, "हल्ली हिची भूक कमी झाली." बाईसाहेब दुपारी दोन माणसांचं जेवून आलेल्या असायच्या. आज लिहिताना हसू येतंय. तेव्हाही येत होतं, हेच तर चुकलं.

तपासणीचा दिवस आला तेव्हा हसू बंद झालं. रक्तातला आकडा खाली गेलेला दिसणार, डॉक्टर विचारणार, आई ऐकणार, आणि खडकी बंद होणार. मेथीसाठी माणूस किती खाली उतरू शकतो पाहा. मी तपासणीला गेलेच नाही. तासभर सारसबागेत बसले, मग पिवळं कार्ड काढलं आणि मागच्या महिन्याचाच आकडा निळ्या पेनने पुन्हा एकदा लिहिला, नर्सबाईंसारखा तिरपा. घरी येऊन म्हटलं, "ठीक आहे." आईने कार्ड बघितलं आणि देवापाशी ठेवलं. मी स्वतःला सांगितलं की, परीक्षा झाली की सगळं सोडून देईन, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. जानेवारीत आळीच्या तोंडाशी चढ लागला की जरा धाप लागायची. ती मी अभ्यासावर ढकलली.

पौषातली अमावास्या आली. सकाळी नेहमीसारखी हत्यारं पुसून झाली, आईने गॅस बारीक केला, मी पाटावर बसले. अण्णांनी मान वाकडी केली, डोळे मिटले. मी मनात परीक्षेचे प्रश्न घोळवत होते. बराच वेळ झाला तरी ते काही बोलेनात. मग पाट ओढून जवळ आले, आणखी जवळ, इतके की त्यांच्या शर्टाला येणारा चिंचेचा आणि राखेचा वास मला आला. डोळे उघडून म्हणाले, "बद्द वाजतंय."

"अहो, काहीतरीच काय?" आई म्हणाली.

"बद्द वाजतंय. मागल्या अमावास्येला असं नव्हतं."

मी घाईने म्हटलं, "अण्णा, तपासणी झालीय. कार्डावर बघा ना, आकडा बरोबर आहे." आईने लगबगीने देवापासून कार्ड आणलं. अण्णांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "कार्ड वाजत नाही," ते म्हणाले. "ऊठ. दवाखान्यात जायचं."

"आज? अमावास्येला?" आई म्हणाली. "उद्या सकाळी जा की. आजच्या दिवशी घरातून कुणी आजाऱ्याला बाहेर काढतं का?" अण्णा अमावास्येला नवी चप्पलसुद्धा घालायचे नाहीत, खिळा ठोकायचे नाहीत. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. आईने देवापुढचा अंगारा चिमटीत घेतला आणि जिन्यात मला गाठून कपाळाला लावला.

दवाखान्यात आमचे नेहमीचे डॉक्टर अजून आले नव्हते. एका तरुण डॉक्टरांनी मला तपासलं. नळी लावून ऐकलं, कार्ड बघितलं. "काका, आवाज येतोय की," ते म्हणाले.

"येतोय हो," अण्णा म्हणाले, "पण कसा येतोय?"

"म्हणजे?"

"बद्द येतोय. आधी खणखणीत यायचा."

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत, आपल्या आजोबांना हसावं तसं हसले. "काका, रक्ताचा आकडा अगदी हवा तसा आहे. हे बघा, याच महिन्याचा आहे. मुलीची काळजी वाटणं साहजिक आहे, पण तुम्ही उगाच घाबरताय. तुम्ही काय काम करता?" अण्णांनी सांगितलं. "मग इतकी वर्षं ठोकाठोकीत काढल्यावर ऐकण्यात थोडा फरक पडायचाच."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी उजव्या कानाला हात लावला, कानाची पाळी बोटांत धरून जरा चोळली, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "असेल. माझेच कान गेले असतील." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. सगळी आळी ज्या कानावर भरवसा ठेवायची, त्या कानावरचा त्यांचा स्वतःचा भरवसा माझ्या निळ्या पेनाने काढून घेतला होता. खरं सांगते, मरणाची भीती मला त्या घटकेला वाटत नव्हती. बाविसाव्या वर्षी ती कुणाला खरी वाटते? पण अण्णा टोपी हातात घेऊन उठायला लागले, ते मला बघवेना. मी एकदम रडत म्हटलं, "कार्डावरचा आकडा खोटा आहे. मी लिहिलाय. मी तपासणी केलीच नाही. मी मेथी खाल्ली."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "किती?"

"रोज."

"किती दिवस?"

"डिसेंबरपासून. पालकसुद्धा." आणि मग एकदा सुरुवात झालीच होती म्हणून सांगून टाकलं, "आणि कोथिंबीरवड्या."

पुढचं सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, यंत्रावर झडप बघितली. पडद्यावर ती काळी चकती उघडत होती, पण पुरती उघडत नव्हती. एका कडेला रक्त साकळायला सुरुवात झाली होती. आमचे डॉक्टर धावत आले. आणखी थोडे दिवस गेले असते तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं, आणि अण्णांनी ते पुरं करायला सांगितलं नाही. मला दाखल करून सलाईनमधून औषध सुरू केलं. आठ दिवस मी तिथे पडून होते. रजनी आणि मावशी भेटायला आल्या, मावशी पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आगं, सांगायचं न्हाई का गं बाई? मी आपली वाढत हाय, वाढत हाय," आणि पदर तोंडाला लावून रडल्या. त्यांना रडताना बघून मला इतकी शरम वाटली, तितकी आईच्या बोलण्याने वाटली नाही. आणि आई काही कमी बोलली नव्हती.

अण्णा रोज संध्याकाळी यायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. त्या आकड्याबद्दल त्यांनी एक अवाक्षर काढलं नाही. मी वाट बघत होते. रागावले असते तर सुटले असते. सहाव्या दिवशी त्यांनी वॉर्डातला पंखा बंद करायला लावला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंना "जरा दोन मिनिटं खोकू नका" अशी विनंती केली, आणि मान वाकडी केली. "येतंय," ते म्हणाले. आठव्या दिवशी म्हणाले, "खणखणीत." दुपारी यंत्रावरही तेच दिसलं. त्या तरुण डॉक्टरांनी येऊन अण्णांना नमस्कार केला आणि विचारलं, आमचे आणखी एक पेशंट आहेत अशीच झडप बसवलेले, त्यांचाही आवाज जरा ऐकाल का? अण्णा गेले. खाटेपाशी उभं राहून त्यांनी भक्तिभावाने ऐकलं, आणि मान हलवली. "मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "ह्यांचा मूळचा आवाज मी ऐकलेला नाही. हिचा मी पहिल्या दिवसापासून ऐकतोय."

घरी आले त्या दिवशी जेवायला बसलो, तर माझ्या ताटात एक नवी वाटी होती. तांब्याची, आतून कल्हई केलेली, बाहेरून बारीक मठारलेली, लिंबाएवढी खोल. अण्णांनी मी दवाखान्यात असताना घडवली होती. ती बनवायच्या आधी ते डॉक्टरांना जाऊन विचारून आले होते की, तेवढीच म्हणजे नक्की केवढी, आणि डॉक्टरांनी पेल्यात पाणी ओतून दाखवलं होतं. वाटीत मेथी होती, लसणाची, काठोकाठ. "रोज एवढी," अण्णा आईला म्हणाले. "पानं मोजायला नकोत. कमी नाही, जास्त नाही." आईने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे आधी नाही सुचलं तुम्हाला? दीड वर्ष बटाटे खाल्ले ते!" अण्णांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. त्यांच्या ताटातही मेथी होती आणि ते जेवत होते.

ती वाटी माझ्याबरोबर लग्न होऊन बिबवेवाडीला आली, अजून रोज ताटात असते. दोनदा कल्हई करून घेतली आहे. आळीत आता हातोड्या कमी झाल्या; बंब कोण घेतो? अमावास्येची शांतता हल्ली महिन्यातून बरेच दिवस असते. अण्णा सत्तरीच्या पुढे गेले आणि त्या तरुण डॉक्टरांचं म्हणणं उशिरा का होईना खरं झालं. इतक्या वर्षांच्या ठोक्यांनी त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग दारावरची घंटा, मग आम्ही. यंत्र लावायचं त्यांनी साफ नाकारलं. आई मात्र म्हणायची की, यांना काही फार फरक पडलेला नाही.

तरी अमावास्येला मी कसब्यात जायची, ते होते तोवर. चहाच्या आधी त्यांच्यासमोर बसायची. ते हाताने खूण करायचे, हलू नकोस. मान वाकडी करायचे, डोळे मिटायचे. त्या मिनिटात शेजारी प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना कळायचं नाही, आणि माझी ती टिक टिक तर कुकरपुढे काहीच नाही. मी बघत बसायची. मग डोळे उघडून ते आळीतल्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणायचे, "खणखणीत!" माझ्या कार्डावरच्या त्या खोट्या आकड्याबद्दल त्यांनी जन्मात मला काही विचारलं नाही. मग मीही त्यांना कधी विचारलं नाही, अण्णा, ऐकू आलं का म्हणून. मान डोलवायची, आणि आईला म्हणायची, "चहा दे गं त्यांना."